खोकल्याचं औषध मला, मोजे तिला

बायकोचे पाय सुजलेत हे वडगाव रासाईत समद्यांना कळलं, आन् सगळ्यात शेवटी मला. दूध घालाय डेअरीवर गेलो तर शेजारच्या आप्पांनी इचारलं, "काय रं, कारभारणीला चपला लहान आणल्यास का?"

"न्हाई आप्पा. त्याच हायत, दोन वर्साच्या."

"मग चपला आकसल्या म्हणायच्या. का तुझी नजर आकसली?"

घरी येऊन बघितलं. ती रानातनं शेवंती तोडून आल्याली, उंबऱ्यापाशी पाय पसरून बसल्याली. गुडघ्यापासनं खालपातूर पाय एकाच जाडीचा. घोटा कुठं गेला त्याचा पत्ता न्हाई. चपलेच्या पट्ट्याचा वळ असा रुतल्याला की चप्पल काढली तरी घातल्यावानी दिसत व्हती. मी बोट लावून बघाय वाकलो तर तिनं पाय झटदिशी पदराखाली घेतला.

"अवो, काय करताय. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा असतो व्हय. पाप लागंल मला."

आमच्यात असंच हाय. लग्नाला तीस वर्सं झाली, तिच्या पायाला माझा हात कवा लागला न्हवता. तिची लाथ बी मला कवा लागली न्हाई, आन् लाथ खायासारखी कामं मी रोज करत आलोय, म्हंजी तिचंच चुकलं म्हणायचं.

तिला साखर हाय हे आठ वर्सापासनं ठाव व्हतं. मी भीमा नदी वलांडून खुटबावच्या बाजूला गुऱ्हाळावर जातो, चुलवणाच्या जाळात उसाचं चिपाड सारायचं काम. जल्मभर उकळत्या रसाच्या वाफंत उभा ऱ्हायलो, गूळ एकदा चाखायचा तिथं चार येळा चाखला, आन् साखर झाली ती बिनसाखरंचा चहा पिणाऱ्या बाईला. ती कवामवा म्हणायची, तळपायाला कापूस बांधल्यावानी वाटतंय. मी म्हणायचो, बरंय की, मऊ मऊ चालतीस. एकदा तिच्या पायातली चप्पल वावरात निघून पडली. ती तशीच घरापातूर आली, आन् घरी आल्यावर कळलं एक पाय अनवाणी हाय. त्यावर बी मी हसलो. डेअरीवर जाऊन चार जणांना सांगितलं, ते बी हसले. आपल्याला तेवढंच येतं.

लेक आमची दौंडात दिलीय. तिची सासू अंथरुणाला खिळल्याली, म्हणून तिला उठून येता येत न्हाई, पण फोन रोज करती. सूज ऐकली आन् ती माझ्यावर घसरली.

"आबा, आईला उद्याच्या उद्या शिरूरला न्या. साखरेच्या माणसाच्या पायाला काय झालं की पाय जातो. हसण्यावारी न्हेऊ नका."

"न्हेतो की."

"कवा?"

"उद्याच म्हणलीस न्हवं."

नेली. शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आन् तसाच ऱ्हायला, वाफ्यातल्या चिखलात बोट घातल्यावानी. मग रक्त झालं, लघवी झाली, काळजाचा कागद निघाला. मूत्रपिंडं बरी, काळीज बरं. बाई म्हणल्या, "दिवसभर वाकून, उभं राहून काम करतात. शिरांमधून रक्त नीट वर चढत नाही, पाणी खाली साठतंय. दाबाचे मोजे घालावे लागतील. घोट्याला घट्ट असतात, वर सैल होत जातात. ते पाणी वर ढकलतात."

"नदीवरच्या मोटरीवानी," मी म्हणलं. "खालनं दाब आला की पाणी शेतापातूर चढतं."

"अगदी तसंच."

झालं. मला वाटलं मी अर्धा डॉक्टर झालो.

बाईंनी एक लहान मशीन घेऊन तिच्या पायावर टेकवलं. आतनं शुप शुप आवाज आला, पाठीवरच्या फवारणी पंपावानी. म्हणल्या, पायात रक्त चांगलं जातंय. आता एकच बघायचं ऱ्हायलं, पायाला शिवल्यालं कळतंय का.

"न कळलं तर?" मी इचारलं.

"तर मोजे मी देणार नाही. आत काही रुतलं, टोचलं, तरी त्यांना समजणार नाही. जखम होईल, ती भरणार नाही, आणि मग पाय काढायची वेळ येते. तसं असेल तर आधी पुण्याला पाठवावं लागेल."

एवढ्या बोलण्यातलं माझ्या कानात काय शिरलं, तर पुण्याला पाठवावं लागेल. गुऱ्हाळ नुकतंच पेटल्यालं. आन् पुण्यात मी एकदाच गेलतो, तवा स्वारगेटला मुतारी हुडकण्यात माझा अर्धा दिस गेला व्हता, तेबी सापडली न्हाई.

बायकोला टेबलावर निजवलं. डोळं मिटाय सांगितलं. बाईंनी नायलॉनचा एक ताठ दोरा घेतला, म्हणल्या, "मी मधूनमधून तळपायाला हा टेकवीन. कळलं की हो म्हणायचं."

पहिल्यांदा टेकवला. ती गप. दुसऱ्यांदा टेकवला, दोरा वाकला तरी ती गप. मी बाईंच्या मागं उभा.  मी पहिलीतनंच शाळा सोडल्याला माणूस, पाटीवर रेघ वाकडी आली म्हणून मास्तरानं भाईर काढल्याला. नापास काय असतं ते माझ्याइतकं कुणाला ठाव न्हाई. माझ्यादेखत माझी बायको नापास व्हत व्हती, आन् तिला ते कळत बी न्हवतं.

मग मी खोकलो.

आमच्याकडं गडीमाणूस घरात शिरताना खोकतो, म्हंजी आतल्या बाया पदर सावरत्यात. तीस वर्सं ती माझा खोकला ऐकत आलीय. नुसता शिरताना एक, पाहुणा संगं असंल तर दोन. माझा खोकला आला आन् ती कुठं बी असली तरी तिचा हात पदराकडं जातो. आता तिचा हात पदराकडं गेला, आन् तोंडातनं आलं, "हो."

बाईंनी परत दोरा टेकवला. मी परत खोकलो. "हो."

दोन्ही पायांच्या समद्या जागा झाल्या. पैल्या दोन सोडल्या तर एक बी चुकली न्हाई. मधी एकदा बाईंनी नुसता हात हलवला, दोरा टेकवलाच न्हाई, तर मी बी खोकलो न्हाई. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काय केलं नसंल.

"छान," बाई म्हणल्या. "सुरुवातीला घाबरला होतात वाटतं." मग माझ्याकडं वळल्या. "तुम्हाला खोकला कधीपासून आहे?"

"झालं की आठ-दहा दिस."

त्यांनी मला खोकल्याचं औषध लिहून दिलं. ती बाटली मी आणली आन् प्यालो बी. त्या औषधानं झोप लई यायची. चुलवणापाशी डुलक्या मारताना उत्तरेकडचे कामगार मला हलवायचे, "चाचा, आग में गिरोगे." 

निघताना बाईंनी मोजं कसं वापरायचं ते सांगितलं. सकाळी पाय खाली सोडायच्या आधी घालायचं, रात्री निजताना काढायचं. कुठं चुणी पडू द्यायची न्हाई, वरची कड दुमडायची न्हाई. काढल्यावर रोज तळपाय, बोटांच्या फटी, समदं बघायचं. आन् जोडवी काढून ठेवायची.

एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. भाईर बघतच म्हणली, "जोडवी काढा म्हणं. त्या डॉक्टरीणबाईचा नवरा जिता हाय का न्हाई कुणाला ठाव."

तिथं मी एक शब्द बोलाय पायजे व्हता. काढ म्हणलो असतो तर तिनं काढली असती. जोडवी माझ्या नावाची, ती काढायची परवानगी दुसरं कोण देणार. पण मला आतनं बरं वाटलं. माझ्यासारख्या माणसाच्या नावानं कुणीतरी काय तरी अंगावर बाळगतंय ह्याचं बरं वाटलं. मी म्हणलं, "काढू नगस. मी मेल्यावर काढ, तवर कळ काढ."

ती पदरात हसली. म्हणली, "पास झाले न्हवं मी?"

"पैल्या नंबरानं."

मोजे मी दौंडाच्या एका दुकानातनं आणले, गुऱ्हाळावरनं येताना. मापं बाईंनी कागदावर लिहून दिल्याली. दुकानदारानं जे मोजे काढले त्यांना पुढनं बोटंच न्हवती. बोटाच्या जागी उघडं.

"ह्ये फाटकं कशाला देताय मामा?"

"फाटके नाहीत. असेच असतात. डॉक्टरांनी बोटं उघडी लिहिलीत."

"पैसं पुऱ्या मोज्याचं आन् मोजा पाऊण व्हय? बोटं झाकायचं दाखवा."

त्यानं दोनदा समजावलं. म्हणला, बोटं मोकळी असली की रंग बघता येतो. मी म्हणलं, आमच्या बायकोच्या बोटाचा रंग मला ठाव हाय. शेवटी वैतागून त्यानं बंद बोटांचे मोजे दिले. आयुष्यात दुकानदाराला मी तेवढाच एकदा हरवलाय. येताना गाडीवर गाणं म्हणत आलो.

सकाळी तिचं तिनं घालून बघितलं. पोट आडवं येतंय, गुडघं वाकत न्हाईत, आन् मोजा असा घट्ट की जणू सायकलच्या टायरात पाय घालायचाय. शेजारीण म्हणली मी घालते, पण पहिल्याच ओढीला दोघी हसून हसून पडल्या, मोजा तिथंच. मग राह्यलो मी. मी दार पुढं लोटून कडी लावली. तिनं तोंडावर पदर घेतला. मी तिचा पाय मांडीवर घेतला.

पाय जड व्हता, आन् गार. मी टाच बसवली, चुण्या वरवर सरकवल्या, बाईंनी सांगितल्यावानी. अंगठ्याशेजारच्या बोटापाशी जोडव्याचा उंचवटा कापडातनं दिसत व्हता. मी त्याच्यावरनं अंगठा फिरवून कापड सारखं केलं. ती पदराच्या आतनं म्हणत व्हती, "पाप लागतंय, पाप लागतंय." दुसरा पाय झाल्यावर ती भिंतीला धरून उठली आन् माझ्या पाया पडली. मी म्हणलं, "रोज सकाळी दर्शन घेत जा, देवळात जायाचं काम न्हाई."

चार दिवसांत सूज उतरली, खरं सांगतो. एक दिवस तिनं मला हाका मारल्या, "अवो, घोटा बघा." घोटा दिसत व्हता. आम्ही दोघं त्या हाडाकडं बघत बसलो, लेकीचं पोर पैल्यांदा बघावं तसं. ती परत शेवंतीला जाय लागली. चपला पायात बसाय लागल्या. आप्पांना मी डेअरीवर सांगितलं, नजर आकसली न्हवती माझी, पाय फुगला व्हता.

पण रोजचं ते पाप तिला जड व्हत गेलं. सकाळी घालताना एकदा, रात्री काढताना एकदा, म्हंजी दिवसात दोनदा नवरा पायाशी. एक दिस ती म्हणली, "रातीचं कशाला काढायचं? ऱ्हाऊ द्या की. सकाळी परत घालायचंच हाय." मला बी बरंच. मी चुलवणावरनं भाजून आल्याला असायचो, वाकायचं जिवावर यायचं. म्हणलं, ऱ्हाऊ दे. पैल्यांदा एक रात ऱ्हायले, मग दोन, मग आठवडाभर. शनिवारी धुवायला काढू असं ठरलं, आन् त्या शनिवारी गुऱ्हाळावर जादा पाळी लागली.

लेक फोनवर इचारायची, "आबा, रात्री काढताय न्हवं मोजे?"

"काढतो की."

"पाय बघताय?"

"रोज."

घरात वास याय लागला तवा मला वाटलं ह्यो माझाच. गुऱ्हाळावर रसावरची मळी उकळती, ती अंगाला चिकटती, आंबती, वास येतो. मी दोन येळा आंघोळ कराय लागलो. कामावर निघताना आन् आल्यावर. कपडं वायले ठेवले. साबण बदलला. गुऱ्हाळावरचे कामगार चिडवाय लागले, "चाचा, फिर नहाये? शादी है क्या?" मी म्हणायचो, "हां, चाची नई ला रहा हूँ." आन् घरी आलो की वास तसाच. मी लाजून तिच्यापासनं लांब निजाय लागलो. तिला वाटलं मला तिचा कटाळा आला. 

एक दिस ती अंगणात बसली व्हती आन् उजव्या मोज्याच्या टोकाला माशा बसल्याल्या. मी खाली बसलो. त्या दिवशी तिनं तोंडावर पदर घेतला न्हाई, कारण माझं तोंड बघत व्हती. मोजा टोकाला वल्ला व्हता. वरनं खाली उलटा काढत आलो, बोटांपाशी आल्यावर कापड चिकटलं. पाणी टाकून टाकून सोडवलं. जोडवं बोटात आत गेलं व्हतं. बोट जोडव्याच्या खाली काळं आन् वर पांढरं, मधी समदं सडल्यालं.

"दुखतंय का?" मी इचारलं.

"न्हाई वो. कुठं?"

तवा मला समजलं मी कशावर खोकलो व्हतो.

शिरूरला नेलं. बाईंनी बघितलं आन् पैल्यांदा जोडवं कापाय सांगितलं, म्हंजी बोट मोकळं हुईल. पक्कड घेऊन माणूस आला. बायकोनं पाय आखडला आन् माझ्याकडं बघितलं.

"काढू का?" ती म्हणली.

"काढ."

"तुम्ही नीट सांगा. चिडवायचं म्हणून न्हाई."

"काढ गं."

कट असा आवाज झाला. तिनं डोळं मिटलं व्हतं. तिला कुठं दुखत न्हवतं, तरी मिटलं व्हतं.

तिला आत न्हेल्यावर बाईंनी मला इचारलं, "त्यांना स्पर्श कळत होता. मी स्वतः तपासलं होतं. मग इतकं होईपर्यंत कळलं कसं नाही?" 

मी म्हणलं, "बाई, त्या दिवशी मला खोकला न्हवता."

त्यांना काय समजंना. मग मी समदं सांगितलं. दोरा, नापासाची भीती, पदर, हो. बाई खुर्चीत बसल्या. म्हणल्या, "मी तुम्हाला औषध दिलं खोकल्याचं."

"व्हय. प्यालो मी ते."

गावात सांगितलं असतं तर लोक पोट धरून हसले असते. बाई हसल्या न्हाईत. मला वाटलं शिव्या देतील, मला बी बरं वाटलं असतं. त्या नुसतं म्हणल्या, "मला तेव्हाच सांगायला हवं होतं तुम्ही. मी काय नापास करणारी शाळामास्तर आहे का." मग उठून आत गेल्या.

ऑपरेशनच्या कागदावर अंगठा माझाच घेतला. पैल्यांदा बोट काढलं. मग काळं वर सरकलं, म्हणून पुण्याला न्हेलं. पुण्यात आम्ही महिना काढला. मुतारी बी ठाव झाली, लिफ्ट बी ठाव झाली, कुठल्या मजल्यावर कुठला डॉक्टर बसतो ते मी नव्या लोकांना सांगाय लागलो. तिथं बोटांवर भागलं न्हाई, अर्धं पाऊल गेलं. अर्ध्या पावलावर बी भागलं न्हाई. गुडघ्याच्या खाली चार बोटं ठेवून पाय काढला. शुद्धीवर आल्यावर ती म्हणली, "अवो, तळपायाला खाजतंय." मी हात न्हेला, तिथं नुसती चादर. मी चादर खाजवली. ती म्हणली, "बरं वाटलं." मला आजपातूर कळलं न्हाई ती खरं बोलली का माझ्यासाठी बोलली.

लेक आली तवा माझ्याशी बोलली न्हाई. दोन दिस आईजवळ बसली आन् सासूकडं गेली. जाताना एवढंच म्हणली, "आबा, तुम्ही रोज म्हणायचा. रोज बघतो म्हणायचा." मी काय तरी बोलाय तोंड उघडलं, सवयीनं त्यातनं ईनोदच येईल असं वाटलं म्हणून मिटलं.

घरी आणली. आता ती एका पायावर आन् कुबडीवर. समदा भार डाव्या पायावर, आन् महिन्यात डावा पाय सुजला. तसाच, घोटा गायब. शेजारणीनं दोन्ही मोजे धुऊन वाळवून ठेवले व्हते. उजवा मोजा मी चुलीत घातला व्हता, डावा ऱ्हायला व्हता. तो खिशात घालून मी तिला शिरूरला घेऊन गेलो.

"बाई, ह्यो एक मोजा हाय. ह्या पायाला घालू का? आता मी समदं करीन. रातीचं काढीन, रोज बघीन. जोडवी बी काढलीत दोन्ही."

बाईंनी तो हातात घेतला, बोटांकडं बघितलं, टेबलावर ठेवला. बायकोला आत घेतलं. मी मागनं निघालो तर दारात हात आडवा केला. "तुम्ही बाहेर थांबा."

दार बंद झालं. मी भाईर बाकावर. दार पातळ हाय त्यांचं, आतलं समदं ऐकू येतं. बाई म्हणल्या, "डोळे मिटा. दोरा टेकवला कळलं की हो म्हणा." मग शांत. खुर्ची सरकली. परत शांत. भाईर एक म्हातारं बसलं व्हतं, ते खरोखरचं खोकलं, आन् मी त्याला हातानं गप ऱ्हावा म्हणलं. त्यानं माझ्याकडं येड्यावानी बघितलं. आतनं बाई म्हणल्या, "अजून एकदा." लई येळ गेला. आतनं एक बी हो आलं न्हाई.

मग मशीन लावलं. तो पंपाचा आवाज मी दारातनं ऐकाय कान लावला. बारीक आला, लांबनं, टाकीतलं औषध सरल्यावर पंप मारावा तसा.

बाईंनी मला आत घेतलं. "मोजा नको. आता नकोच. ह्या पायाला रक्तच कमी जातंय, वरून दाब दिला तर होतं तेही जाणार नाही. सूज राहू द्या. बसल्यावर पाय लोंबता ठेवू नका, फार उंचही नको. आणि रोज तळपाय बघायचा."

"बघून काय हुईल?"

"काही झालं तर लवकर कळेल."

"आन् कळल्यावर?"

त्या कागदावर काय तरी लिहीत व्हत्या. लिहीतच ऱ्हायल्या.

पुण्याच्या दवाखान्याची चिठ्ठी बी दिली त्यांनी, तुंबल्याली शीर उघडता येती का बघायला. गेलो. तिथले म्हणले, मूत्रपिंडं आता पैल्यासारखी न्हाईत, त्या कामाला जो रंग शिरंत सोडावा लागतो तो झेपायचा न्हाई. बघू. परत या. तवर पाय बघत ऱ्हावा.

म्हणून सकाळी बघतो. गुऱ्हाळावर आता मी उशिरा जातो, मुकादम बोलतो, बोलू दे. तिला खाटंवर कडंला घेतो, डावा पाय माझ्या मांडीवर, हातात बॅटरी. तिच्या डोळ्यांवर बी साखरंनं पडदा आलाय, तिचं तिला काय दिसत न्हाई, म्हणून ती इचारत ऱ्हाती.

"काय दिसतंय?"

"भेगा. भीमंच्या पात्रावानी."

"आन्?"

"आन् एक नाकतोडा बसलाय."

"खरं सांगा."

"खरं, बरा हाय पाय."

इतके दिस ते खरं व्हतं. आज सकाळी टाचंच्या भाईरच्या अंगाला तिळाएवढा काळा ठिपका दिसला. मला वाटलं माती हाय. थुंकी लावून पुसलं. गेला न्हाई. मी बॅटरी जवळ न्हेली, लांब न्हेली. भोवतीनं कातडी जरा निळसर झाल्याली.

"काय दिसतंय?" ती म्हणली.

"काय न्हाई."

"एवढा येळ लागला काय न्हाई बघाय?"

"बॅटरीचा सेल उतरलाय." मी पाय खाली ठेवला, चादर घातली. "उद्या शिरूरला जाऊ. साखर तपासून येऊ."

"परवाच तपासली की साखर."

"परत तपासू."

 ती भिंतीकडं तोंड करून म्हणली, "पिशवीत दोन पातळं जास्तीची घ्या."